हेलियमवरचा आळ

अंधेरीच्या एका कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मला फसवलं. पैशात नाही, बिल त्यांनी वेळेवर चुकतं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी स्वतःच्या प्रयोगातली घाण माझ्या मालावर ढकलली, मी भेसळ करतो असं भरल्या खोलीत सांगितलं, आणि खरं काय ते उघड झाल्यावरही शब्द मागे घेतला नाही. लोक मला म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. माल माझा होता, नाव माझं होतं. सोडायचं की नाही ते मी ठरवीन.

सत्तावन्न सालची गोष्ट. अंधेरी पूर्वेला, रेल्वे फाटकापासून हाकेच्या अंतरावर, माझा निऑनच्या पाट्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, काच वाकवायच्या गॅसच्या ज्योती, नळीतली हवा उपसायचा पंप आणि एक कुरकुरणारा ट्रान्सफॉर्मर. पण तो माझा होता. त्याआधी मी गिरगावात एका पाटीवाल्याकडे फुटक्या काचा झाडायला होतो. मालक कुणाला काही शिकवत नसे. काच वाकवायला बसला की मुद्दाम आमच्याकडे पाठ करी. त्याच्यासमोर खिडकी होती. तिच्या तावदानात त्याचे हात दिसायचे, ते बघून मी शिकलो. तेव्हापासून कुणी बोलता बोलता पाठ फिरवली की मी समजतो, इथे काहीतरी लपवलं जातंय. आजवर हा अंदाज फारसा चुकलेला नाही.

आमच्या धंद्यात काच वाकवणं हे दिसणारं काम, आणि गॅस हे न दिसणारं. नळीतली हवा काढायची आणि तिच्या जागी थोडासा गॅस सोडायचा. निऑन लाल पेटतो. आरगॉनमध्ये पाऱ्याचा थेंब घातला की निळा. पिवळ्या काचेत हेलियम भरलं की सोन्यासारखा उजेड पडतो, तो सराफांना आवडायचा. हे गॅस परदेशातून लिटरभराच्या काचेच्या बाटल्यांत यायचे, गवतात गुंडाळून, लाकडी पेटीतून. बाटलीत कणभर हवा शिरली तरी पाटी महिन्याभरात लुकलुकायला लागते आणि गिऱ्हाईक दारात येऊन ओरडतं. त्यामुळे पाटीवाल्याला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल. तुझ्या गॅसात भेसळ आहे, असं म्हटलेलं चालत नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात प्राध्यापक पहिल्यांदा आले. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, हातात गुंडाळलेला नकाशा. त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला. कलिंगडाएवढा काचेचा फुगा, त्याला चारी बाजूंनी नळ्या, आणि एका बाजूला वेटोळं.

मी वेटोळ्यावर बोट ठेवलं. "सर, राग मानू नका, पण ही भट्टी कशाची?"

"भट्टी?"

"दारूबंदी आहे. मागे असाच एक शिकलेला गृहस्थ वेटोळं करून घेऊन गेला. गुलाबाचं अत्तर काढायचंय म्हणाला. मग पोलीस माझ्या दारात. गुलाब कुठे गेले ते अजून कळलं नाही."

ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "शेठ, यातून जे निघेल ते मुंगीलासुद्धा चढणार नाही."

मग त्यांनी मला समजावलं. ते काम त्यांना छान जमायचं, हे मी आजही कबूल करतो. म्हणाले, विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर हवा अगदी विरळ असते. तिथे ऊन एवढं कडक की अणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडूनच जातो. मागे उरतो तो धन आयन. अशा आयनांचे आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनचे वर थर असतात. रेडिओच्या लहरी त्यांच्यावरून वळून परत खाली येतात, म्हणून सिलोनची गाणी आपल्याला इथे ऐकू येतात.

"सूर्य मावळला की हे थर विरायला लागतात," ते म्हणाले. "पण सगळे सारखे विरत नाहीत. एकट्या अणूचा आयन असला तर त्याला इलेक्ट्रॉन परत घेणं फार जड जातं. तो नुसता भटकत राहतो. पण भटकताना तो एखाद्या साध्या रेणूवर, समजा ऑक्सिजनच्या, आपटला, तर आपला धनभार त्या रेणूला देऊन मोकळा होतो. आणि रेणूच्या आयनाला इलेक्ट्रॉन भेटला की त्याचा निकाल चटकन लागतो. तर हा पहिला व्यवहार, आयन आणि साध्या रेणूमधला, किती वेगाने होतो, ते मला या फुग्यात मोजायचंय."

"म्हणजे आपली उणीव दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि आपण सुटायचं."

"वा! हे मी वर्गात वापरणार हं, शेठ."

मला ते आवडलं नाही. न विचारता घेणारा माणूस पुढे काय काय घेईल याचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

भाव करताना त्यांनी बरीच घासाघीस केली. मी चढा आकडा सांगितला, त्यांनी कॉलेजची गरिबी सांगितली. मी माझी सांगितली. शेवटी जमलं. फुगा मी करायचा, हेलियमच्या दोन बाटल्या मी द्यायच्या, पंप कॉलेजचा. रिकाम्या बाटल्या मला परत.

"पण हेलियम कशाला?" मी विचारलं. "मोजायची तर हवा ना?"

"हेलियम स्वभावाने थंड. फुगा जवळजवळ सगळा हेलियमने भरायचा आणि त्यात ऑक्सिजन नावापुरता सोडायचा, म्हणजे कोण कुणाशी व्यवहार करतंय ते कळतं. हेलियममध्ये तिसरंच काही मिसळलेलं असेल तर आयन त्याच्याशी व्यवहार करून बसतील आणि माझा आकडा खोटा येईल. शुद्ध पाहिजे."

"माझ्या बाटलीत तिसरं काही नसतं."

"ठीक. तुमच्या शब्दावर घेतो," ते म्हणाले.

शब्दावर घेतो हे त्यांचे शब्द आहेत. माझ्या शेडमध्ये, माझ्या स्टुलावर बसून बोललेले.

फुगा करताना दोनदा तडकला, तिसऱ्यांदा साधला. घोडागाडीत तो मांडीवर घेऊन मी स्वतः फाटक ओलांडून कॉलेजात पोचवला. मागच्या बाजूची एक खोली त्यांना प्रयोगाला मिळाली होती. तिथे आणखी दोघं होते. एक डेमॉन्स्ट्रेटर, बोरिवलीहून येणारा तरुण. याच प्रयोगावर त्याची डिग्री अवलंबून होती, म्हणून तो फुग्याला हात लावायच्या आधी हात धुवायचा. दुसरा शिपाई, वेंगुर्ल्याकडचा, आधी गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला. पंपाचा पट्टा घसरला तर तो पंपाला मालवणीत शिव्या द्यायचा आणि पंप चालू व्हायचा.

मला वाटलं होतं, माल पोचला, माझं काम संपलं. पण माझं मन तिथे अडकलं. काही ना काही निमित्त काढून मी जायला लागलो. जळमटासारखी कुठे चीर आहे का बघतो म्हणायचो. पंप अखंड चालू असायचा. डेमॉन्स्ट्रेटरने दारावर पाटी लावली होती, पंपाला कुणी हात लावू नये. आठवडेच्या आठवडे ते नुसती हवा उपसत होते, फुगा तापवत होते, पुन्हा उपसत होते. मी म्हटलं, एवढ्यात मी अख्ख्या घाटकोपरच्या पाट्या पेटवल्या असत्या.

"तुमच्या पाटीला फक्त पेटायचं असतं, शेठ," डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला. "आमचा हिशेब विझल्यावर सुरू होतो."

ते मी श्रावणात डोळ्यांनी पाहिलं. काळे पडदे ओढले. त्याने कळ दाबली. फुगा एकदा फक्कन पिवळसर गुलाबी उजळला आणि गेला. मला वाटलं, फ्यूज उडाला. पण बाजूच्या यंत्राच्या गोल पडद्यावर एक हिरवी रेघ उतरत आलेली दिसली, घसरगुंडीसारखी. ठिणगी बंद झाल्यावर फुग्यात किती आयन उरलेत, ते ती रेघ सांगत होती. पापणी लवायच्याही आत सगळा कारभार आटोपलेला. मग त्याने चिमूटभर ऑक्सिजन सोडला. रेघ जरा जास्त उतरती झाली. आणखी सोडला, आणखी उतरती.

"बघा, जितके रेणू जास्त तितका व्यवहार लवकर. आणि ऑक्सिजन नसताना रेघ कशी रेंगाळत होती, पाहिलंत ना? तुमचं हेलियम झकास आहे, शेठ."

हे त्याने श्रावणात म्हटलं. त्याच बाटलीबद्दल.

मग दसरा आला. माझ्या शेडमध्ये दरवर्षीप्रमाणे पूजा झाली. ज्योती विझवल्या, पंप थांबवला, रॉकेलने पुसून काढला, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी आमच्याकडे कुठलंच हत्यार चालत नाही. कॉलेजात मी गेलो नाही. आणि त्याच दिवसांत रशियाने आकाशात आपला चंद्र सोडल्याची बातमी आली. जो तो गच्चीवर उभा राहून वर बघायला लागला. ज्यांनी कधी पंचांगातला चंद्र पाहिला नव्हता तेसुद्धा.

कॉलेजच्या विश्वस्तांना वाटलं, आपल्याकडेही वरच्या हवेचा प्रयोग चालू आहे, तो लोकांना दाखवावा. चहाचा कार्यक्रम ठरला. दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक आले, विश्वस्त आले, रेडिओची दुकानं असलेले दोघंतिघं माझ्या ओळखीचे आले. मलाही बोलावणं होतं. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो.

पडदे ओढले. फुगा उजळला. आणि पडद्यावरची हिरवी रेघ दगडासारखी कोसळली. ऑक्सिजन अजून सोडलाच नव्हता. डेमॉन्स्ट्रेटरने पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच. त्याची मान खाली, कानशिलं घामेजलेली. मला वाटलं, हे आज पहिल्यांदा होत नाहीये. हे यांना ठाऊक होतं.

प्राध्यापक पाहुण्यांकडे वळले. हातात चहाचा कप. "ऑक्सिजन नसतानाही आयन असे झपाट्याने जाताहेत, याचा अर्थ ते दुसऱ्याच कशाशी तरी व्यवहार करताहेत. हेलियममध्ये भेसळ आहे. काय करणार, इथल्या मिस्त्री लोकांकडून घ्यावं लागतं." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

घ्यायच्या वेळी मी शेठ होतो. आता मिस्त्री झालो.

एक विश्वस्त म्हणाले, "दुधात पाणी, तसं गॅसात हवा!" आणि खोली हसली.

"दुसरी बाटली लावा," मी म्हटलं.

"लावून पाहिली," डेमॉन्स्ट्रेटर जमिनीकडे बघत म्हणाला. "तीही तशीच."

"दोन्ही बाटल्या एकदम नासल्या? श्रावणात झकास होती ती?"

"मिस्त्री, पाहुण्यांसमोर नको," प्राध्यापक म्हणाले.

मी कप ठेवला. जरा जोरात ठेवला असेन. बशीचे दोन तुकडे झाले. मी निघून आलो.

असली गोष्ट अंधेरीत राहत नाही. घाटकोपरच्या एका सिनेमाच्या मालकाची पाटी माझी होती. तिच्यातलं 'म' हे अक्षर विझलं होतं. त्याने मला बोलावून घेतलं.

"काय हो, तुमच्या गॅसात म्हणे हवा असते?"

"तुमचा 'म' उंदराने वायर कुरतडल्यामुळे गेलाय. वर चढून बघा."

"उंदीर काय, कुणाचंही नाव घ्यावं. कॉलेजातले लोक उगाच बोलतील का?"

तेच मला खात होतं. उगाच बोलतील का? मी स्वतःच्याच बाटल्यांकडे संशयाने बघायला लागलो. गोदीतल्या एजंटने पेटी उघडली असेल का? माझ्याकडे सुरुवातीपासून असलेला काच वाकवणारा कारागीर, त्याने तर गॅस काढून विकला नसेल? मी गॅसच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. बायको म्हणाली, "दिवसभर चोरासारखं आपल्याच कपाटाकडे काय बघताय? चोर आत आहे की बाहेर, ते तरी ठरवा." कारागिराने ते कुलूप पाहिलं. दिवाळीनंतर तो विक्रोळीला दुसऱ्याकडे लागला. तसा हात मला पुन्हा मिळाला नाही. तो हिशेबही मी प्राध्यापकांच्याच नावावर मांडतो.

शेवटी मी कॉलेजच्या बाटल्या आल्या होत्या त्याच पेटीतली एक बाटली उघडली, तिच्यातलं हेलियम एका नळीत भरलं, ती धोतरात गुंडाळून कॉलेजात नेली आणि डेमॉन्स्ट्रेटरसमोर पेटवली. पिकल्या जांबासारखा स्वच्छ गुलाबी रंग. हवा असती तर फिका पडला असता.

"बघ. डोळे आहेत ना? बघ."

त्याने बराच वेळ पाहिलं. "रंग बरोबर आहे, शेठ. पण लाखात एक भाग जरी काही असलं तरी आमची रेघ बिघडते, आणि लाखात एक डोळ्याला दिसत नाही. याने काहीच सिद्ध होत नाही."

मला संताप आला, कारण तो बरोबर बोलत होता. मी नळी गुंडाळायला खाली वाकलो. समोर पंप होता. प्रयोग अडल्यामुळे तो आज बंद होता. त्याच्या मोठ्या चाकाच्या कडेवर कुंकवाची पाच बोटं उमटलेली, सारख्या अंतरावर, हळदीच्या टिकलीसकट. पट्ट्याच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

"पंप दसऱ्याला बंद होता?"

"छे! मी गावी गेलो होतो, पण चालू ठेवूनच गेलो. परत आलो तेव्हाही चालूच होता."

"मग ही बोटं बघ. फिरत्या चाकावर अशी उठतात?"

त्याने वाकून पाहिलं आणि शिपायाला हाक मारली. शिपाई आला, चाकाकडे बघून हसला. त्याला वाटलं, आम्ही पूजेचं कौतुक करतोय.

"दसऱ्याला पंप बंद केला होता का?" डेमॉन्स्ट्रेटरने विचारलं.

"मग? चालत्या मशिनीक कुंकू कसा लावतलंय? माजा बोट जायत ना पट्ट्यात!"

"कुणाला विचारून?"

"सायबानच सांगल्यान. मोठे लोक इल्ले, आरतीचा ताट घेऊन. म्हणाले, आज यंत्राक विश्रांती देवा. सायब म्हणालो, बंद कर. मिया कित्याक खोटा बोलू?"

"आणि बंद करायच्या आधी पंपाच्या तोंडाशी हवा सोडली? ती बाजूची चावी फिरवून?"

"कसली चावी? नारळ फोडलो, प्रसाद वाटलो, परत चालू केलंय."

डेमॉन्स्ट्रेटर स्टुलावर बसला. मग त्याने मला सांगितलं. अशा पंपाच्या पोटात तेल असतं. पलीकडे फुग्यात पोकळी. पंप नुसता थांबवला तर ती पोकळी तेल वर ओढून घेते. पंप पुन्हा सुरू झाला की बरंचसं तेल खाली जातं, पण नळीभर त्याचा पातळ थर राहतो, आणि त्याची वाफ फुग्यात येत राहते. आयन त्या वाफेवर तुटून पडतात. हेलियमच्या कितीही बाटल्या बदलल्या तरी रेघ कोसळणारच. त्याने नळीचा एक सांधा सोडवला, कागदाची सुरळी आत फिरवली आणि बाहेर काढली. कागद पिवळा झाला होता. वास मला लगेच कळला.

"शेठ, तुमचं हेलियम चांगलं होतं," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण कुणासमोर? माझ्यासमोर आणि शिपायासमोर.

मी त्याला दंडाला धरून प्राध्यापकांच्या खोलीत नेलं. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावलं, आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"पंप थांबवला होता हे खरं," ते म्हणाले. "विश्वस्त नारळ घेऊन समोर उभे. त्यांना काय मी पोकळीचा पाठ देऊ? आणि किती वेळ थांबला? आरतीपुरता."

"ते तुमचं तुम्ही बघा. चहाला जेवढे लोक होते तेवढ्यांना परत बोलवा आणि सांगा, की हेलियम चोख होतं."

"आणि मग बिघडलं कशाने, ते विचारतील."

"तेही सांगा."

"काय सांगू? वरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने यंत्राची आरती केली आणि प्रयोग बुडवला? बाहेरदेशी हसतील. इकडे विश्वस्त म्हणतील, हा आमच्या पूजेला दोष देतो. पुढच्या वर्षी ही खोलीसुद्धा राहणार नाही, आणि याची डिग्रीही नाही." त्यांनी डेमॉन्स्ट्रेटरकडे हात केला.

"आणि माझं काय?"

ते वळले. खरोखरच नवल वाटल्यासारखे म्हणाले, "तुमचं काय झालं? बिल मिळालं ना?"

मी टेबलावर हात आपटला तशी दौत उलटली. "पूजेला दोष कोण देतंय? पूजा माझ्याकडेही झाली. माझ्या शेडमध्ये कुणी दुसऱ्याला भेसळवाला म्हटलं नाही!"

"आवाज खाली, मिस्त्री."

"शेठ म्हणा. मे महिन्यात म्हणत होता."

ते टिपकागदाने शाई टिपायला लागले. मला वाटलं, चार दिवस विचार करतील आणि काहीतरी सरळ करतील. माझी ती आशा मूर्खपणाची होती.

दिवाळी झाली आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरचा एक शास्त्रीय सामानाचा दुकानदार माझ्याकडे हेलियम मागायला आला. शहरात तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी सहज विचारलं, कुणासाठी? म्हणाला, अंधेरीचं कॉलेज. मी एक शब्द न बोलता त्याच पेटीतली उरलेली बाटली दिली. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला मी माझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधतो, ती तशीच ठेवली. मला बघायचं होतं, हे लोक कुठवर जातात.

डेमॉन्स्ट्रेटरला मी स्टेशनाबाहेर गाठलं. "अरे, माझ्याकडून फाटकाच्या अलीकडून घ्यायचं ते प्रिन्सेस स्ट्रीटहून का आणता?"

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "सर म्हणाले, आता परत तुमच्याकडून घेतलं तर लोक विचारतील, मग आधीचं वाईट कसं? शेठ, मी काय करू? मला घर चालवायचंय."

त्यांनी नळ्या धुतल्या, पंपाचं तेल बदललं, फुगा पुन्हा तापवला. आणि माझ्याच हेलियममध्ये आयन पुन्हा पहिल्यासारखे शहाण्यासारखे वागले. हिवाळ्यात कॉलेजच्या हॉलमध्ये प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. हॉल भरला होता, चहाला आलेले बरेचसे तेच चेहरे होते. धन आयन आणि साधा रेणू यांच्यातला व्यवहार किती वेगाने होतो ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. सगळे ठिपके एका रेषेवर. खरं सांगायचं तर ते बघून मला आत कुठेतरी बरंही वाटलं. त्या फुग्याची काच मी फुंकली होती. मग ते म्हणाले, "मध्यंतरी अशुद्ध हेलियममुळे आमचं काम खोळंबलं. पुढे शुद्ध हेलियम मिळालं, म्हणून हे शक्य झालं." आणि त्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानदाराचे आभार मानले. तो पहिल्या रांगेत बसला होता. त्याने नमस्कार केला.

मी उभा राहिलो. "ते शुद्ध हेलियम कुणाचं?"

"प्रश्न शेवटी घेऊ."

"आत्ता घ्या. ती रिकामी बाटली तुमच्या टेबलावर उभी आहे. गळ्यातली चिठ्ठी वाचून दाखवा. अक्षर कुणाचं आहे?"

लोक माना वळवून बघायला लागले. दिवे लावायला उभा असलेला डेमॉन्स्ट्रेटर बटणाशी हात ठेवून तसाच राहिला. प्राध्यापकांनी बाटली उचलली. मला वाटलं, वाचणार. त्यांनी ती टेबलाखाली ठेवली आणि म्हणाले, "यांची तब्येत बरी दिसत नाही." ऑफिसातल्या दोघांनी मला कोपराला धरून बाहेर आणलं. जिन्यावर शिपाई उभा होता. त्याने मला पाणी दिलं.

माझा कारखाना बुडाला नाही. मी बुडू देणाऱ्यातला नाही. सराफांच्या पाट्या गेल्या, रेडिओवाल्यांच्या मिळवल्या. पण त्यानंतर कितीतरी वर्षं नवं गिऱ्हाईक भाव ठरवताना गॅसचा विषय निघाला की जरा हसायचं, आणि त्या हसण्यासाठी मला भाव पाडावा लागायचा. डेमॉन्स्ट्रेटरला डिग्री मिळाली. प्राध्यापक निवृत्त होऊन मुलुंडला राहतात. एखाद्या लग्नात समोर आले तर अक्षता टाकता टाकता विचारतात, "काय मिस्त्री, पाट्या काय म्हणतात?"

पाट्या ठीक आहेत, सर. मी शिपायाला दोष देत नाही, त्याने तुम्ही सांगितलं ते केलं. डेमॉन्स्ट्रेटरला देत नाही, त्याची भाकरी तुमच्या हातात होती. विश्वस्तांना नाही, पंपाच्या पोटात काय असतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण पंप बंद करायला तुम्ही सांगितलं. तो बंद झालेला तुम्ही पाहिला. थांबलेल्या पंपाचं तेल कुठे जातं, हे तुम्ही पोरांना वर्गात शिकवत होता. मग हातात चहाचा कप धरून, त्या भरल्या खोलीत तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, तेव्हा तुम्हाला दसरा आठवत होता की नव्हता? हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण माझ्या कानात नको. ज्यांना तुम्ही माझ्यावर हसवलंत, त्यांच्यातले जे उरलेत त्यांच्यासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.